व्हिडिओ गेमची धून: नाव दिले म्हणजे परवानगी मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘या संगीताचे सर्व हक्क मूळ कंपनीचे, उल्लंघनाचा हेतू नाही’ एवढे व्हिडिओखाली लिहिले की आपण मोकळे, अशी गेमचे संगीत यूट्यूबवर किंवा टेलिग्रामवर टाकणाऱ्या अनेक तरुणांची समजूत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या वाक्याला कवडीची किंमत नाही. उलट ते अंगाशी येऊ शकते. कलम ६३ खालचा गुन्हा जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचा आहे, आणि हक्क दुसऱ्याचा आहे हे ठाऊक होते, याची कबुली आपणच लिहून दिलेली असते. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ हेही असेच कानोकानी पसरलेले. सेकंदांचा असा कोणताही आकडा कायद्यात नाही.

मुळात प्रश्न असा की आपण टाकतो त्या फाइलमध्ये नेमके काय काय असते. गेमच्या एका धुनेवर निरनिराळे हक्क एकावर एक रचलेले असतात. पहिला चालीचा, म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा. दुसरा त्या रचनेच्या ध्वनिमुद्रणाचा. जुन्या गेममध्ये तिसराही येतो, तो संगणक प्रोग्रामचा. १९८० च्या दशकातल्या निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेमयंत्रात ध्वनीच्या पाचच वाहिन्या होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक नमुन्याची, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या आवाजाच्या तुकड्याची. गाणे मुद्रित केलेले नसे. प्रोग्राम चालत असतानाच चिप ते वाजवी. त्या गेमच्या संगीताची एनएसएफ फाइल म्हणजे कार्ट्रिजमधून (यंत्रात बसवायच्या गेमच्या डबीतून) उचललेला तो प्रोग्राम आणि त्याची स्वरांची माहिती. त्या यंत्राच्या पुढच्या पिढीची एसपीसी फाइल म्हणजे ध्वनिचिपच्या चौसष्ट किलोबाइट स्मृतीची जशीच्या तशी छबी, त्यात वाद्यांचे नमुनेही आले. भारतीय कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. म्हणून ‘मी एमपी३ थोडीच टाकली, लहानशी चिपफाइल टाकली’ हा बचाव टिकत नाही. त्या लहानशा फाइलमध्ये चाल आहे आणि प्रोग्रामही आहे.

मिडी फाइलमध्ये ध्वनिमुद्रण नसते, नुसते स्वर असतात. तरीही चालीचा हक्क उरतोच. कायद्याच्या व्याख्येत संगीतकृतीमध्ये तिचे स्वरलेखनही धरले आहे, त्यामुळे कान देऊन उतरवलेल्या नोटेशनची पीडीएफ वाटणेही त्याच हक्काखाली येते. पेटीवर किंवा गिटारवर स्वतः वाजवून टाकले तर ध्वनिमुद्रणाचा हक्क बाजूला पडतो. चालीचा पडत नाही.

याला एक सुंदर अपवाद आहे, आणि तो ठाऊक असल्यास पुष्कळ वाट मोकळी होते. १९८९ च्या गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातातल्या गेमयंत्रावरील टेट्रिसची जी धून सगळ्यांच्या ओठांवर आहे, ती ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीताची. त्याचे शब्द रशियन कवी नेक्रासोव्हच्या १८६१ मधल्या कवितेतले. लोकगीताची मूळ चाल कोणाच्याही मालकीची नाही. ती आपण आपल्या पद्धतीने बांधावी, वाजवावी, टाकावी. गेम बॉयमधून निघालेला आवाज किंवा त्यासाठी केलेली खास बांधणी मात्र उचलता येत नाही. कोणतीही धून घेण्याआधी तिची चाल किती जुनी आहे, हे पाहणे म्हणूनच फायद्याचे.

‘गेम आता विकायलाच नाही, कंपनीला काय फरक पडतो?’ असे पुष्कळदा विचारले जाते. बाजारातून वस्तू गेली म्हणून हक्क जात नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे, आणि चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणजे १९८५ मध्ये प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण २०४५ संपेपर्यंत संरक्षित राहील. निन्टेन्डोचे संगीत कित्येक वर्षे अधिकृत स्ट्रीमिंगवर नव्हतेच. तरीही २०२२ च्या सुरुवातीला एकाच चॅनेलवरच्या तेराशेहून अधिक व्हिडिओंवर बंदी आली. कंपनीने स्वतःचे संगीत-ॲप ऑक्टोबर २०२४ मध्ये आणले. जे ऐकायची अन्य सोयच नाही ते जपणाऱ्या रसिकांची तळमळ आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण तळमळ हा कायद्यातला बचाव नाही, हे त्यांना आधी कळायला हवे.

कायदा काय करू देतो? कलम ५२ नुसार खासगी वापर, तसेच टीका व समीक्षा यांसाठी रास्त वापर. समीक्षा असेल तर बोलणे आपले हवे, आणि धुनेचा तेवढाच तुकडा घ्यावा जेवढ्यावर आपण बोलतो. पाच मिनिटांची धून सलग वाजवून शेवटी ‘किती छान’ म्हटले, तर ती समीक्षा होत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या वादनालाही सूट आहे. पण तिचा फायदा त्या प्रयोगापुरता. त्याचे चित्रण यूट्यूबवर टाकणे ही वेगळी कृती.

गेम खेळतानाचे चित्रण टाकायला अनेक कंपन्या नियमावलीतून परवानगी देतात. निन्टेन्डोच्या नियमावलीत अट अशी की त्यात तुमचे स्वतःचे निवेदन किंवा कल्पकता हवी. गेममधला भाग नुसता नकलून टाकलेला चालत नाही. स्थिर चित्रावर वाजणारी धून नेमकी यातच मोडते.

परवानगी मागायची तर आधी मालक शोधावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे. अशा वेळी हक्क स्टुडिओकडे की संगीतकाराकडे, हे त्यांच्यातला करार ठरवतो. संगीतकार पगारी नोकर असेल तर सहसा कंपनीच मालक असते. पत्रात गेमचे नाव, धुनेचे नाव, मूळ आवाज की स्वतःचे वादन, लांबी, कोणत्या मंचावर, जाहिराती असतील का, किती वर्षांसाठी आणि कोणत्या देशांसाठी, हे सारे लिहावे. शेवटच्या दोन गोष्टी सर्रास राहून जातात. आपल्या कायद्यानुसार परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यूट्यूब तर जगभर दिसते. तोंडी ‘हो’ किंवा इन्स्टाग्रामवरचा अंगठा म्हणजे परवाना नव्हे. तो लेखी लागतो.

यूट्यूबवर ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ यांत लोक घोळ करतात. क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आला तर व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. हरकत घेतल्यास मालकाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. हातात काही नसताना हरकत रेटली, की मालक व्हिडिओ काढण्याची रीतसर मागणी करतो आणि क्लेमचा स्ट्राइक, म्हणजे चॅनेलच्या नावावर उल्लंघनाची नोंद, होतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकते. त्यावर प्रतिनोटीस (काढलेला व्हिडिओ परत मागणारी) देता येते, पण तिच्यात खरे नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो तक्रारदाराकडे जातो. अल्पवयीन मुलांनी पालकांना न सांगता ती कधीही पाठवू नये. कलम ६३ ची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय ती कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता खरे दुखणे. दुसऱ्याची चाल स्वतः वाजवून मुद्रित करणाऱ्यासाठी आपल्या कायद्यात कलम ३१-सी आहे. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे गेली की ठरलेले मानधन आगाऊ भरून ‘कव्हर’ काढता येते. पण अट आहे दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या मानधनाची, आणि तीही मागच्या मुद्रणाच्याच माध्यमात. हा हिशेब कॅसेट व सीडीच्या बाजारासाठी बरोबर होता. दोनशे श्रोत्यांसाठी बासरीवर गेमची धून वाजवणाऱ्या मुलाने पन्नास हजार प्रतींचे पैसे कुठून आणायचे? प्रामाणिकपणे पैसे भरू इच्छिणाऱ्यालाही दार बंद, म्हणून तो न विचारता टाकतो. ५०,००० ची ही किमान अट ऑनलाइन वादनासाठी काढून, प्रत्यक्ष ऐकले जाईल त्या प्रमाणात मानधन घेण्याची तरतूद केंद्र सरकारने करावी. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, आणि तंत्रज्ञानाच्या पानावर ‘फ्री’ गेम-संगीताचे दुवे छापण्याआधी परवाना तपासण्याचा पायंडा पाडावा, ही विनंती.

आपले,
गेम-संगीताचे काही वादक व अभ्यासक, पुणे