एकच मॉडेल, चार मालक

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॉलेजची मुलं जुने छोटे डिजिटल कॅमेरे परत वापरायला लागलीत असा लेख आला होता, तो वाचून लिहायला बसले. लेख चांगला होता पण त्यात नुसतं कौतुकच कौतुक, आणि योगायोग असा की त्याच दिवशी माझी भाची पुण्याहून फोनवर विचारत होती, आत्या तुझ्याकडचा तो जुना डिजिकॅम आहे का गं अजून. म्हटलं, ज्यांनी हे कॅमेरे नवे असताना पदरचे पैसे घालून घेतले त्यांचंही जरा ऐकून घ्या.

मी वाईला राहते, निवृत्त शिक्षिका, गणित शिकवायचे. गोष्ट २००९ सालची. सहाव्या वेतन आयोगामुळे हातात जरा पैसे आले होते आणि स्टाफरूममध्ये आम्ही चौघांनी ठरवलं की डिजिटल कॅमेरा घ्यायचाच. पीटीचे सर, चित्रकलेचे सर, ऑफिसातले हेडक्लार्क आणि मी. साताऱ्याला राजपथावरच्या एका दुकानात चौघं एकदम जाऊन धडकलो, चार घेतो तर किती कमी करता म्हणून तासभर घासाघीस केली, दुकानदारानं वैतागून शेवटी चहा मागवला, आणि एकाच मॉडेलचे चार कॅमेरे घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. १० मेगापिक्सेल, ३ एक्स झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, प्रत्येकी साडेपाच हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक कंपनीची किती आणि आमची किती याचा हिशोब मला गणिताची बाई असूनही अजून लागलेला नाही.

तर एकच मॉडेल, एकाच दिवशी, एकाच दुकानातून. दोन वर्षांनी चौघांना विचारलं असतंत तर चार उत्तरं मिळाली असती.

पीटीच्या सरांचं म्हणणं, पैसे पाण्यात गेले. त्यांनी कॅमेरा घेतला होता क्रीडा महोत्सवासाठी आणि बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत शंभर मीटरचा पोरगा रेषा ओलांडून पार पाणी प्यायला गेलेला असायचा. त्यांच्या फोटोत शेवटची दोरी हलताना दिसायची, धावणारा कुणी नाही. बटण अर्धं दाबून धरायचं, कॅमेऱ्याला आधी फोकस घेऊ द्यायचा आणि पोरगा जवळ आला की मग पूर्ण दाबायचं, ही युक्ती आम्हाला पुढं कधीतरी कळली, दुकानात कुणी सांगितली नव्हती आणि पुस्तिका आमच्यापैकी कुणीच वाचली नव्हती. तोपर्यंत सर चिडून कॅमेरा सहलीला गणपतीपुळ्याला घेऊन गेले, तिथं किनाऱ्यावर वाऱ्यानं वाळू उडाली, ती लेन्सच्या नळीत शिरली, लेन्स अर्धी बाहेर येऊन करकरली आणि थांबली. स्क्रीनवर लेन्स एरर. कोल्हापूरला दुरुस्तीला पाठवला तर सांगितलं वाळू म्हणजे वॉरंटीत बसत नाही, आणि खर्च सांगितला तो नव्या कॅमेऱ्याच्या पाऊण किमतीचा. सरांनी तो तसाच अर्धी जीभ बाहेर काढलेला कपाटात ठेवून दिला.

चित्रकलेच्या सरांचा मात्र कॅमेरा म्हणजे रत्न! माणूसच वेगळा, दुपारच्या उन्हात कॅमेरा बाहेर काढायचा नाही, फ्लॅश कायम बंद, सकाळी नाहीतर ढग असतील तेव्हाच काढणार. सप्टेंबरात कासला जायचे, फुलाचं चिन्ह असलेला मोड लावून जमिनीवर पोटावर झोपायचे आणि कॅमेरा फुलापासून चार बोटांवर धरून श्वास रोखून फोटो काढायचे, शर्टाला चिखल लागला तरी हरकत नाही. सीतेची आसवं म्हणून जांभळं फूल असतं बघा, त्याचा त्यांनी काढलेला फोटो १२ बाय १८ इंची मोठा करून स्टाफरूममध्ये लावला होता, मी निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता आणि नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा की सर कुठला कॅमेरा, मोठा लेन्सवाला का. सर हसून शर्टाच्या खिशातून काढून दाखवायचे.

हेडक्लार्कनी त्यांच्या कॅमेऱ्यानं फुलं काढली नाहीत की माणसं. बांधकामाची बिलं, गळकं छप्पर, स्टॉकबुकची पानं, एवढंच. त्यांचा कॅमेरा अजून चालू आहे म्हणे, आणि त्यांना विचारलं तर एका शब्दात उत्तर देतात, बरा आहे.

आणि माझा. माझी पहिली बोंब सेलची झाली. दुकानातून आणताना सेल मिळाले ते संपले, मग मी घराजवळच्या दुकानातनं घड्याळात घालतो ते साधे स्वस्तातले सेल आणले, आठ फोटोत कॅमेऱ्यानं मान टाकली. दुसरी जोडी आणली, तेच. मला वाटलं कॅमेरा बाद. ते मेलेले सेल फेकायचे कसे म्हणून सहज भिंतीवरच्या घड्याळात घातले तर घड्याळ पुढं सहा महिने चाललं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घड्याळाला करंट लागतो थेंब थेंब, आणि कॅमेऱ्याला लेन्स बाहेर काढायला, स्क्रीन पेटवायला, फ्लॅश भरायला एकदम बादलीभर लागतो, तो त्या साध्या सेलला देता येत नाही, विजेचा दाब एकदम खाली येतो आणि कॅमेरा समजतो सेल संपला. मग निकेल मेटल हायड्राइडचे चार्जिंगचे सेल घेतले, चार्जरसकट. त्यांच्यावर लिहिलेलं असतं १.२ व्होल्ट आणि साध्यावर १.५, म्हणून घरी सगळे म्हणाले हे कमी पॉवरचे आणलेस, पण हे १.२ वाले काम पडलं की टिकून राहतात आणि ते १.५ वाले लगेच बसतात. महाबळेश्वरच्या एका सहलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच जोडी पुरली. बरं मग सगळं सुरळीत झालं म्हणावं तर सेलच्या झाकणाची प्लास्टिकची खुंटी तुटली, एवढीशी, मुगाच्या दाण्याएवढी, तिच्यासाठी पूर्ण खालचा भाग बदलावा लागेल म्हणाले. तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्याला कायम रबरबँड आहे. दुधाच्या पिशवीचा चालत नाही, लवकर सैल होतो, भाजीच्या जुडीचा जाड असतो तो चांगला.

गॅदरिंगचं तर विचारू नका. संध्याकाळी सात वाजता स्टेजवर लावणी चाललेली आणि मी आठव्या रांगेतून झूम करून फ्लॅश मारतेय. फोटोत काय आलं तर पुढच्या दोन रांगांतली पांढरीफटक डोकी आणि त्यांच्यामागं मिट्ट काळोख. असल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण ३ मीटरपर्यंत पोचतो आणि अंतर तिप्पट केलं की उजेड तिसरा हिस्सा राहत नाही, नववा राहतो, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं, व्यस्त प्रमाण वर्गाचं, आणि स्वतःच फ्लॅश मारत बसलेली. त्यात झूमचं वेगळंच. दुकानदारानं सांगितलं होतं बाई हा १२ एक्स आहे. खोक्यावर बारीक अक्षरात होतं ३ एक्स ऑप्टिकल, ४ एक्स डिजिटल, यानं केला गुणाकार. त्यातला ऑप्टिकल झूम लेन्स सरकवून खरोखर होतो, डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं, ते घरी कॉम्प्युटरवर फुकटात होतं, त्याला कॅमेरा कशाला हवा.

मेगापिक्सेलचंही तसंच आहे आणि आज तर तो प्रकार जास्तच झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण अल्बमला लावतो तो ४ बाय ६ इंचाचा फोटो, चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके, तेव्हा हे झालं दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. संपलं. बाकीचे ठिपके अल्बमच्या फोटोत कुठं दिसणार? आणि हे ठिपके जिथं बसवतात तो सेन्सर या छोट्या कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा ६.२ मिलीमीटर बाय ४.६ मिलीमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा सुद्धा नाही. खोक्यावर लिहितात १/२.३ इंच, आता १ भागिले २.३ करून इंचाचे मिलीमीटर केले तर ११ येतात आणि सेन्सरचा कर्ण मोजला तर भरतो ७.७, मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. तर ते माप म्हणे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय, नळ्या गेल्या पण माप राहिलं. तेवढ्याशा जागेत १० काय आणि २० काय, जितके जास्त कोंबाल तितका प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी.

आता भाचीकडे येते. ती दिवाळीत आली, रबरबँड काढून कॅमेरा चालू केला, चालू झाला! लगेच नवीन ६४ जीबीचं कार्ड घातलं तर कार्ड एरर. ती म्हणाली आत्या हा गेला बहुतेक. गेला कसला, २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, ४ ते ३२ एसडीएचसी आणि त्याच्यावर एसडीएक्ससी, दिसायला तिन्ही सारखी, खाचेत बसतात पण सारखी, पण २००९ च्या माझ्या कॅमेऱ्याला तिसऱ्या जातीची ओळखच नाही. डब्यातलं जुनं २ जीबीचं घातलं तर त्यावर माझ्या पुतण्याच्या मुंजीचे फोटो निघाले, सगळ्यांवर तारीख १ जानेवारी, कारण सेल काढून ठेवले की हा कॅमेरा तारीख विसरतो. मुंज मे महिन्यात झाली होती, आंब्याचा रस वाढतानाचे फोटो आहेत. तासभर आम्ही दोघी तेच बघत बसलो.

तिला त्या कॅमेऱ्यात आवडतं काय तर फोटो फोनसारखे गुळगुळीत येत नाहीत. ती म्हणते सीसीडी नावाच्या जुन्या प्रकारच्या सेन्सरची जादू. असेल, मी वाद घालत नाही, पण मला वाटतं निम्मी जादू त्या समोरून भसकन येणाऱ्या फ्लॅशची आहे आणि निम्मी ही की फोन आजकाल पाच-सात फोटो एकात मिसळून सावल्या उजळवतो आणि हा बिचारा एकच काढतो, जसा येईल तसा. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांत २०१० साली जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे गेले होते, २०२३ ला ते ७७ लाखांवर आले. एवढे कॅमेरे लोकांच्या कपाटांत पडून आहेत म्हणताना मुलांनी ते काढले तर चांगलंच आहे.

पण तिच्या मैत्रिणीची गंमत ऐका, खरं तर पत्र त्याचसाठी आहे. तिच्याकडे घरात जुना नव्हता म्हणून तिनं ऑनलाइन नवा घेतला, तीन हजारांना, ४८ मेगापिक्सेल, फोर के, १६ एक्स झूम, गुलाबी रंगाचा. भाची तो घेऊन आली होती. मी आपला कालचा अंक भिंतीला चिकटपट्टीनं लावला, छोट्या जाहिरातींचं पान, आणि खिडकीच्या उजेडात तीन फुटांवरून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. माझ्या रबरबँडवाल्यात "वन बीएचके भाड्याने देणे" वाचता आलं. त्या ४८ वाल्यात पान आहे एवढं कळत होतं, ठळक मथळे लागत होते, बाकी सगळं ताकात भिजवल्यासारखं. फाइल मात्र ८००० गुणिले ६००० ठिपक्यांची! म्हणजे आतल्या सेन्सरवर खरे ठिपके थोडेच, कॅमेरा मधले ठिपके स्वतःच्या मनानं भरतो आणि फाइल फुगवतो, विक्रीच्या पानावर अगदी खाली इंटरपोलेशन असा एक शब्द होता तो हाच. वर लेन्स फोकस करतच नाही, एकाच अंतराला बसवलेली. झूम पूर्ण डिजिटल. विद्यार्थ्याला दहापैकी तीन मार्क पडले आणि त्यानं मागं एक शून्य लावून तीस करून आणले तर मी काय केलं असतं?

त्या मैत्रिणीनं तक्रार केली तर विकणाऱ्याचं उत्तर आलं की वस्तू चालू स्थितीत आहे, वापरलेली परत घेत नाही. मी तिला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर दिला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं, हे तिला माहीतच नव्हतं. पोच आली आहे, महिना अजून व्हायचाय.

तेव्हा पुरवणीत पुढच्या वेळी असा लेख घ्याल तेव्हा एक चौकट टाका एवढीच विनंती. सेल कुठले, कार्ड किती जीबीचं, ऑप्टिकल झूम किती, सेन्सर खरा किती मेगापिक्सेलचा. जुना घेत असाल तर दुकानातच लेन्स दहा वेळा आतबाहेर करून कान लावून ऐका, करकर आली तर ठेवून द्या. आमच्या पीटीच्या सरांचा तो अर्धी जीभ काढलेला अजून आहे त्यांच्याकडे, परवा फोनवर विचारत होते, पार्टसाठी कुणी घेईल का, आजकाल डिमांड आहे म्हणे. मी म्हटलं सर, सेलचं झाकण शाबूत असेल तर मीच घेते.

माझा कॅमेरा भाची पुण्याला घेऊन गेली. चार्जर इथंच टेबलावर विसरली आहे, उद्या कुरिअर करते.

आपली,
एक वाचक, वाई