सुध्याला पत्र: विळे मोजणारा माणूस

नागपूर,
८ जानेवारी

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू खो खो हसलास, "म्हणजे दिवसभर उंदराचे शुक्राणू मोजतोस?" हो बे, तेच करतो. पण नंतर तू जे विचारलंस, की कपाशीवर मारतो त्या औषधाचा बाप्यामाणसावर काय परिणाम होतो ते उंदरावरून कसं कळतं, त्याचं उत्तर बर्डीच्या बसमध्ये उभ्या उभ्या मोठ्याने द्यायची हिंमत झाली नाही. म्हणून हे पत्र.

तुला वाटेल, नराला औषध द्यायचं, मादीजवळ सोडायचं, पिल्लं मोजायची, झालं. तेही करतात. पण उंदीर लबाड. त्याच्याकडे शुक्राणूंचा साठा गरजेच्या कित्येक पट. निम्मे गेले तरी पिल्लं तेवढीच होतात. माणसाकडे एवढी शिल्लक नसते. म्हणून पिल्लांवर भरवसा न ठेवता थेट शुक्राणू बघायचे.

ते तयार व्हायला उंदराला साधारण ५२ दिवस लागतात, वर अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीतून, सरकायला आठवडा-दीड आठवडा. म्हणून जोडी लावायच्या आधी १० आठवडे औषध चालू ठेवतात.

शेवटच्या दिवशी मात्र पळापळ. अधिवृषणाचं शेपूट, आम्ही त्याला कॉडा म्हणतो, ३७ अंशांच्या द्रावणात ठेवून दोन-चार काप द्यायचे. चिरेतून दुधाळ धूर निघावा तसे शुक्राणू बाहेर येतात. थेंब स्लाइडवर घ्यायचा नि लगेच डोळा लावायचा: किती सरळ पळतात, किती जागीच वळवळतात, किती निपचित पडलेत. हे कॅमेरा आणि कॉम्प्युटरही करतो, पण तो कधीकधी कचऱ्यालाही मेलेला शुक्राणू समजतो. मग रंगवलेल्या स्लाइडवर एका उंदराचे किमान २०० शुक्राणू आकारासाठी तपासायचे. डोकं विळ्यासारखं वाकडं असतं. विळा सरळ झाला, डोकं तुटलं, शेपटी गुंडाळली, की वेगळी नोंद. दीडशेच्या पुढे सगळीकडे विळेच दिसतात. दुसऱ्या दिवशी तर्री-पोह्यावरची शेवही खाववत नाही.

डिसेंबरात माझी फजिती झाली. थंडी कडाक्याची, आणि मी गरम केलेल्या स्लाइडचा डबा ओट्यावर ठेवून चहाला गेलो. परत येऊन बघतो तर सलग पाच उंदरांचे शुक्राणू अर्धमेले. धस्स झालं. खरं सांगतो, थोडा आनंदही झाला, काहीतरी सापडलं म्हणून! नमुन्यांवर नुसते नंबर असतात, कोणता गट ते बघणाऱ्याला कळू देत नाहीत. मॅडमनी यादी उघडली. पाचांतले दोन कंट्रोलचे निघाले, म्हणजे ज्यांना औषधाचा थेंबही दिला नव्हता. काच गार होती, बाकी काही नाही. त्या पाचांची हालचालीची नोंद गेली ती गेलीच. मेलेला उंदीर पुन्हा मरत नाही. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त काय चुकलं ते वहीत माझ्याच अक्षरात लिहायला लावलं.

आता तुझा प्रश्न. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमींचं औषध बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्याला मुलंच होत नाहीत. तपासलं तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत. आणि या औषधाने उंदरांची वृषणं सुकतात हे १९६१ मध्येच छापून आलं होतं! उंदराने सांगितलं होतं रे, ऐकलं नाही कोणी. पण आम्ही उंदराला मोजून डोस देतो. वारा उलटा फिरला की पंपातलं तुझ्या अंगावर किती येतं, ते तो सांगू शकत नाही. तू फुल बाह्यांचा शर्ट तरी घालतोस का, की अजून बनियनवरच?

वृषण टिकवायला बुइन नावाच्या पिवळ्या द्रावणात ठेवतो, कारण नुसत्या फॉर्मलिनमध्ये आतल्या पेशी आकसतात. त्या बुइनने बोटं पिवळी होतात, धुऊन जात नाहीत. आई म्हणते, हळद कुठे लावून आलास, आम्हाला न सांगता? संक्रांतीला येतोय. हुरडा ठेव, आणि वहिनींसमोर विषय काढू नकोस.

तुझाच,
बंड्या