कागद बुडवणारे, कागद जाळणारे

शिरूर,
भादवी पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

रान विकल्याचा तुझा निरोप मिळाला. "खरेदीखत झालं, सुटलो एकदाचा." आणि खाली थोडी जागा सोडून, "पूर्वीचं गाव राहिलं नाही रे, तेव्हा कसं सगळं एकोप्यानं चालायचं." फोन उचलला होता, पण फोनवर आपण पावसापाण्याचं बोलतो, बाजारभाव विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून पत्र.

अण्णांच्या माघारी वारसनोंद करायची राहिली होती. त्यासाठी जुने उतारे हवेत म्हणून माडीवरची लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी एक पिवळा, घडीवर फाटलेला मोडी कागद निघाला. मोडी मला कुठली वाचता येणार? पण सहीच्या जागी काढलेला एवढासा नांगर ओळखू आला. निशाणी नांगर. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगर काढायचा, हे मी वर्गात पंचवीस वर्षं सांगत आलो. घरच्या कागदावर मात्र पहिल्यांदाच पाहिला. पणजोबांचा असावा. देणं होतं की घेणं, कळायला मार्ग नाही. पण नांगर काढून देणाऱ्याचं घेणं कसलं असणार म्हणा!

तेव्हापासून डोक्यात तोच कागद घोळतोय, आणि तुझा तो 'एकोपा'.

आठवतं, शाळेत असताना सायकली मारत घोडेकाठी इनामगावचं उत्खनन बघायला गेलो होतो आणि "नुसती खापरं" म्हणून तोंड वाकडं करून परत आलो होतो? डेक्कन कॉलेजची माणसं १९६८ ते १९८३ तिथे खणत होती. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातला शेतकऱ्यांचा गाव तो. जव पिकवायचे, कुळीथ-मसूर खायचे, नदीचं पाणी वळवायला पाट काढलेला. आणि गावच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर, त्याला लागून धान्याचं कोठार. म्हणजे कोठार कोणाच्या दाराशी, हा प्रश्न तेव्हाही होताच. पुढे पाऊसमान बिघडलं. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, लोक शेळ्यामेंढ्यांवर जगू लागले. मेलेल्या मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून घरातच पुरायचे. माणसानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा तर्क करतात. शेवटी सगळा गावच उठून गेला.

बलुत्याचं म्हणशील तर खळ्यावर रास पडली की सुताराची, लोहाराची, न्हाव्याची पेंढी नि पायली ठरलेली, हे खरं. कोणी उपाशी राहत नसे, हे मात्र आपण घातलेलं मीठ-मसाला. ज्याची वडिलोपार्जित मिरास, म्हणजे जमिनीचा पिढीजात हक्क, तो मिरासदार. बाहेरून येऊन कसणारा जन्मभर उपरी. शिवेचं भांडण लागलं की महाराला पुढे घालत, कारण शीव त्याच्या तोंडपाठ. घर मात्र गावकुसाबाहेर. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबणूक आणि पदरात चार मुठी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं, आणि ते वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडावं लागलं. या एकोप्याची आठवण त्या वस्तीवर जाऊन काढ बरं.

एक गोष्ट मात्र होती. मिरास विकायची तर चोरून विकता येत नसे. गोत, म्हणजे गावची सभा, बसायचं, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला यायचे, ज्यानं त्यानं आपापल्या हत्याराचं चित्र काढायचं. एका शेताच्या कागदावर सगळा गाव उभा. इंग्रजी अमलात ते बदललं. १८३६ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मोजणी सुरू केली. शेताला नंबर, नंबराला एक नाव, त्या नावावर तीस वर्षांचा शेतसारा. वाईट नव्हतं, पूर्वीच्या मनमानीपेक्षा बरंच सरळ. पण शेत एकट्याचं झालं तसं ते गहाण टाकणंही एकट्याच्या हातात आलं, आणि सावकाराला हवं होतं तेच.

मग अमेरिकेत यादवी पेटली. १८६१ ते ६५ तिकडचा कापूस बंद, इकडे भाव आभाळाला. सावकार घरी येऊन पैसे देऊ लागले. लढाई संपली, भाव कोसळला, आणि त्याच सुमाराला साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीन वर्षांनी बाद होतो, म्हणजे कुणब्याला दिलासा, असा साहेबाचा हिशेब. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा, आणि खाली पुन्हा नांगर. आपलाच नांगर आपल्याच शेतावर चालवल्यासारखं.

१८७४ च्या डिसेंबरात आपल्याच तालुक्यातल्या करड्यात लोकांनी सावकाराला वाळीत टाकलं. त्याच्या दुकानातून जिन्नस घ्यायचा नाही, त्याची हजामत नाही, धुणं नाही. गावगाड्याचा तुझा एकोपा मला खऱ्या अर्थानं दिसतो तो इथे! मग १२ मे १८७५ ला बारामतीकडच्या सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी वह्या आणि रोखे ओढून काढून जाळले. लोण आपल्याकडे, नगरकडे पसरलं. ज्यानं मुकाट कागद काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. सरकारनं चौकशी बसवली, आणि १८७९ च्या कायद्यानं कोर्टाला रोख्यामागचा खरा हिशेब तपासता येऊ लागला.

हे वाचताना मला देहू आठवलं. १६३० चा दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, त्यांनीच तसं लिहून ठेवलंय. घर सावकारीचं. मग भावाशी वाटणी करून आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. अभंग तरल्याची गोष्ट आपण कीर्तनात शंभरदा ऐकली. खतं बुडाली, ती कोणी सांगत नाही. घेणेकऱ्यानं आपण होऊन कागद बुडवल्याचं एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे. सुप्यात तुकोबा नव्हते, म्हणून काड्या ओढाव्या लागल्या.

आमच्या पणजोबांचा कागद त्या जाळात गेला नाही, एवढं नक्की. कारण आजोबा त्याच शेतात कूळ म्हणून राबत होते. कूळकायद्यानं कसणाऱ्याला मालक ठरवलं, त्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं ते पुन्हा मालक झाले. एका कागदानं गेलेलं दुसऱ्या कागदानं परत आलं. तुझ्या रानाची तिसरी तऱ्हा. रांजणगावच्या एमआयडीसीमुळे भाव आला, चुन्याच्या रेघा पडल्या, गुंठे पडले. तुला नावं ठेवत नाही. दवाखान्याची बिलं मी पाहिलीत.

आता माझं ऐक. वारसनोंदीला गेलो तर लिहिणाऱ्यानं न विचारताच हक्कसोडीचा मसुदा पुढे केला. "ताईंची सही घ्या, म्हणजे मोकळं." आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जितात बरोबरीचा हक्क १९९४ लाच मिळाला, आधी लग्न झालेल्यांनाही २००५ ला, हे मी शाळेत फळ्यावर लिहून शिकवलंय. तरी कागद घरी घेऊन आलो. आता तो ट्रंकेत, नांगराच्या निशाणीवर ठेवलाय. पोळ्याला ताई आली होती. पुरणपोळी खाऊन, बैलांना ओवाळून गेली. मी विषय काढला नाही, तिनंही नाही. जाताना बांधावर जरा वेळ उभी राहिली, एवढंच.

तुझ्या खरेदीखतावर तुझ्या बहिणीची संमती लागली असेल. तिनं सही करताना काय म्हटलं रे? खरं लिही.

तुझा,
बाळू

ता. क. तुझ्या बांधावरच्या चिंचेला हिरवे आकडे लागलेत. नव्या मालकानं अजून तोडली नाही.