आधी 'बाँझूर', मग पाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला फ्रान्सच्या प्रवासावरचा लेख वाचला. 'तिथल्या खेड्यातली माणसं तुसडी, परक्याकडे ढुंकूनही बघत नाहीत' हे वाक्य खटकलं, म्हणून लिहिते. मुलीच्या बाळंतपणासाठी मी बर्गंडीतल्या मोर्वान या डोंगराळ भागात, जेमतेम चारशे वस्तीच्या गावात सप्टेंबर ते नोव्हेंबर राहून आले.

पहिल्या दिवशी माझंही मत लेखकासारखंच झालं होतं. बेकरीत शिरले, बोटाने 'बागेत' नावाचा लांबडा पाव दाखवला, नाणी पुढे केली. बाई जागची हलली नाही. घरी येऊन तक्रार केली तर मुलगी हसतच सुटली. "आई, तू बाँझूर म्हणालीस का?" बाँझूर म्हणजे तिथला नमस्कार. दुकानात पाऊल टाकलं की आत असतील त्या सगळ्यांना आधी बाँझूर, मग पावाचं बोलायचं. म्हणजे त्या दिवशी तुसडी मीच होते! दुसऱ्या दिवसापासून दारातूनच खणखणीत बाँझूर घालू लागले (तीस वर्षं वर्गावर काढलेला आवाज). आठवड्याभरात ती बाई बाळाचं वजन विचारू लागली.

चर्चची घंटा तासाचे टोले दोनदा देते, मध्ये दोनेक मिनिटं सोडून. शेतात असणाऱ्याचे पहिल्या खेपेला मोजायचे चुकले, तर दुसऱ्यांदा मोजावेत. रात्री झोपमोड होते, पण तक्रार कोणाकडे करणार? ओलेराँ बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी आरवण्यावरून दावा लावला होता. 2019 मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी 2021 मध्ये तर संसदेने खेड्यातले आवाज आणि वास हा ग्रामीण भागाचा वारसाच ठरवून टाकला. जावयाच्या घरामागे पांढऱ्या शारोले गाई असतात. त्या वारशाचा वास मी पोटभर घेतला.

गावची कचेरी, म्हणजे 'मेरी', आठवड्यात दोनच सकाळी उघडी. पण सगळं तिच्याभोवती फिरतं. आमच्या गावच्या महापौर बाईंची स्वतःची गुरं आहेत. रबरी बूट घालूनच यायच्या. चर्चचं छप्पर गळत होतं, त्याची काळजीही त्यांनाच. 1905 च्या कायद्याने धर्म आणि सरकार वेगळे झाले, पण चर्चच्या जुन्या इमारती गावाच्या मालकीच्या राहिल्या. त्यामुळे देवळात पाऊल न ठेवणाऱ्याच्या करातूनही कौलं बसतात.

11 नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवशी, सगळे स्मारकापाशी जमले. एवढ्याशा गावातून गेलेल्यांची एकोणतीस नावं दगडात कोरलेली, त्यात एकाच आडनावाची तीन. महापौर बाई एकेक नाव वाचत होत्या आणि शाळेतली मुलं प्रत्येक नावामागे म्हणत होती, 'मोर पूर ला फ्रान्स', फ्रान्ससाठी मेला. त्या तीन नावांच्या वेळी समोरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. आडनाव तेच, असं मुलीने नंतर सांगितलं. मग सभागृहात सगळ्यांना वाइन. मी संत्र्याचा रस घेऊन कोपऱ्यात उभी होते, तर ते आजोबा स्वतःहून हात पुढे करत आले. परक्याकडे बघत नाहीत म्हणे!

लेखकमहाशय पुन्हा गेले तर एक सांगा. आमच्या गावात बेकरी सोमवारी बंद असते. पाव रविवारीच आणून ठेवावा.

– एक निवृत्त शिक्षिका