वहिनीनं शेवटी विचारलंच

सुऱ्या लेका,

पाच महिने झाले तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी आहे, शुगर जिथं होती तिथंच. फोनवर हे बोलता येईना, घरात कायम कुणीतरी कान देऊन असतं, म्हणून टाइप करतोय. शुद्धलेखन तपासू नकोस, मास्तर तुझा बाप होता, तू नव्हेस.

मंगळवारी वहिनीला घेऊन बेळगावला गेलो होतो, तिच्या एचआयव्हीच्या गोळ्या आणायला. (कागदावर बेळगावी छापलंय, तिचा नवरा, आपला दिन्या असता तर पेनानं खोडून परत दिला असता.) व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात व्हायरस किती त्याचा रिपोर्ट आला, टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे सापडलाच नाही. काउन्सेलर बाई आधी कन्नडमध्ये, मग आमची तोंडं बघून मराठीत म्हणाली, एका गोळीत तीन औषधं आहेत, एक रात्रही चुकवायची नाही. वहिनीनं विचारलं, तीन कशाला? ती म्हणाली, एकटं दिलं की व्हायरस त्याला सरावतो, मग ते औषध पाण्यात. मी तेव्हाच भिंतीवरच्या पोस्टरकडं बघत बसलो.

परतताना बस देसूरच्या पुढं आली आणि वहिनी खिडकीतनं बाहेर बघतच म्हणाली, "भाऊजी, ह्यांना किती देत होता हो?"

मी म्हटलं, "डॉक्टरनं लिहिलेल्या सगळ्या."

खोटं बोललो रे. तुला माहीतच आहे. डॉक्टर म्हणाले होते की दिन्याचं एका गोळीनं भागणार नाही, दुसरी मुंबईहून मागवा. तू म्हणालास माझी राजदूत फटफटी विकतो, मी म्हटलं विकशील, पण चार महिन्यांनी परत पैसे कुठनं आणशील, एक तर एक, काहीतरी पोटात जाऊदे. रामदेव गल्लीच्या तोंडाशी माझी कॉलर धरलीस, आणि भांडण झाल्यावर चहाचे पैसे पण मलाच द्यायला लावलेस, ते वेगळं.

घरी आल्यावर झोप नाही. आमची पोरगी बी.फार्म करते, तिला दिन्याचं नाव न सांगता विचारलं, तिनं रात्री लॅपटॉप उघडून सगळं काढून दाखवलं. हा व्हायरस अंगात रोज हजार कोटींच्या घरात तयार होतो आणि स्वतःची नक्कल काढताना सारखा चुकतो. त्या चुकांतलाच एखादा नेमका औषधाला चुकवून निघतो, मग त्याचीच पिलावळ. लॉकडाऊनमध्ये कोगनोळीच्या नाक्याला बगल देऊन आपण शेतातनं कागलला गेलो तसं. एका नाक्याला वाट सापडते, एकाच वेळी तीन नाके चुकवायचे म्हणजे अवघड.

हे जगाला कधी कळलं बघ. 1986 साली अमेरिकेत 282 जणांवर झिडोवुडिन नावाचं औषध तपासलं, नुसत्या खोट्या गोळीवाले 19 गेले, औषधवाला एकच, म्हणून टेस्ट मधेच थांबवून सगळ्यांना औषध दिलं. 87 ला मान्यता. पण पुढं कळत गेलं की एकटीचा जोर टिकत नाही. 95 मध्ये दोन मोठ्या टेस्टमधनं दिसलं की एकीपेक्षा दोन बऱ्या. आणि 97 च्या फेब्रुवारीत तिकडं 1156 जणांची टेस्ट मुदतीआधीच थांबवली, कारण तीन औषधंवाल्यांत एड्स झालेले किंवा गेलेले 6 टक्के, दोनवाल्यांत 11. दोनवाल्यांत, सुऱ्या. आपला एका गोळीवाला दिन्या त्या यादीत कुठं बसतो सांग. आपण कॉलर धरून भांडलो ते त्याच वर्षीच्या श्रावणात.

पोरगी म्हणाली, "पप्पा, तेव्हा एवढे पैसे कुणाकडं होते?" खरं आहे. 2001 मध्ये सिप्ला औषध कंपनीच्या हमीदनी तीन औषधं वर्षाला 350 डॉलरात देतो म्हणून सांगितलं, तेव्हा दिन्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. सरकारी फुकट गोळ्या 2004 ला. वहिनी त्यात बसली म्हणून राहिली, आधीच्या गोळीनं पाय जळायचे, गाल बसले, तरी एक दिवस चुकवला नाही तिनं.

पण पैशाचं निमित्त मला पचेना, कारण राजदूत होती की. दोन महिने तरी निघाले असते.

मग वाटतं, ते चार महिने? खताच्या दुकानातल्या काट्यावर आपण त्याला दर अमावास्येला उभा करायचो, 41 चा 46 झाला होता. शेठ म्हणायचा पोत्याचं भाडं द्या. गणपतीत दीड पाव कुंदा एकट्यानं खाल्ला आणि तुझ्या शर्टाला हात पुसले. ते त्या एका गोळीनंच ना? मग दिवाळीनंतर काटा परत उलटा फिरला. तेव्हा आपल्याला वाटलं की पथ्य मोडलं. कुंद्यावरनं मी त्याला बोललो पण होतो. ते आठवलं की घशाखाली घास उतरत नाही.

वहिनीला सांगू का? ऐकून घेईल, रडणार पण नाही बहुतेक, आणि तेच मला नको आहे. का गप्प बसू? तू त्यात अर्धा भागीदार आहेस, तुला न विचारता बोलणार नाही.

तुझ्या पोराचं ठरलं म्हणे, मुलगी निपाणीची ना, चांगलं झालं. गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नकोस.

परत 12 तारखेला जायचंय. देसूरच्या पुढं ती परत विचारेल, मला तिचा स्वभाव माहीत आहे. त्याआधी फोन कर, रात्री नऊनंतर, मी गच्चीवर येतो.

तुझा,
बाळ्या