कुझाच्या खाणीतील रखवालदारांस

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. सिसिलीतील कावे दि कुझा या खाणीत तुम्ही माझ्या वडिलांसाठी जो वेळ काढलात, त्याबद्दल हे पत्र आहे. ते मराठीत लिहितो आहे, कारण पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवायचे आहे.

त्याच सकाळी आम्हांला सेलिनुन्ते ‘दाखवण्यात’ आले होते. इ.स.पू. सातव्या शतकात ग्रीक वसाहतकारांनी वसवलेले ते शहर, इ.स.पू. 409 मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या नगरराज्याच्या हॅनिबलने (आल्प्स ओलांडणारा हॅनिबल याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आला) नऊ दिवसांच्या वेढ्यानंतर केलेला संहार, सारे आमच्या वाटाड्याला तोंडपाठ होते. सुमारे 110 मीटर लांबीच्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या ‘जी’ मंदिराच्या (तिथली मंदिरे अशी अक्षरांनीच ओळखली जातात) ढिगाऱ्यापाशी बाबांनी विचारले, की खांबाचा एवढा गोल दगड खडकातून खालच्या अंगाने सोडवत कसा असतील? बाबांनी हयातभर पाथरवटाचे काम केले आहे. जाती, पाटे-वरवंटे आणि देवळांच्या पायऱ्या घडवल्या आहेत. मी त्यांचा प्रश्न इंग्रजीत सांगताच वाटाड्या हसला, ते गुलामांना विचारावे लागेल म्हणाला आणि छायाचित्रांसाठी सुट्टी देऊन सावलीत जाऊन बसला. पैसे मात्र त्याने आगाऊ घेतले होते.

सेलिनुन्तेची मंदिरे ज्या दगडाने उभी राहिली, त्यातला मोठा भाग तुमच्या खाणीतून गेला. कार्थेजचे सैन्य आले तेव्हा तिथले काम जे थांबले ते कायमचेच: काही गोल दगड भोवतीने कोरून झालेले पण बुडाशी खडकाला चिकटलेले, काही सुटे, तर काही शहराच्या वाटेवरच टाकून दिलेले. तिथे बाबांनी तोच प्रश्न तुम्हांला हातवाऱ्यांनी विचारला. तुम्ही स्वच्छ गणवेशात होतात, तरी दगडाभोवतीच्या त्या अरुंद चरात स्वतः उतरलात, टिकाव मारल्यासारखा हात फिरवून दाखवलात आणि मग बोटांनी बुडाशी पाचरी ठोकण्याची खूण केलीत. बाबांनी मान हलवली. एवढ्या अडचणीच्या जागेत कोपर असे उघडे ठेवले तर खडकावर आपटेल, असे म्हणत त्यांनी वाकून तुमचे कोपर धरले आणि बरगडीशी आणले. तुम्ही हसला नाहीत, हातही काढून घेतला नाहीत. त्यांनी दाखवला तसा हात पुन्हा फिरवलात आणि बरोबर झाले का, म्हणून त्यांच्याकडे पाहिलेत.

महोदय, बाबांच्या हाताखाली अनेक जण शिकले, पण शिकल्या-सवरल्या, गणवेशातल्या माणसाने त्यांच्याकडून काही शिकून घेतल्याचे मी प्रथमच पाहिले. आमच्याकडेही प्राचीन वास्तूंपाशी राजांची नावे सांगणारे पुष्कळ भेटतात. दगड फोडणाऱ्याने पाय कुठे रोवला असेल, याचा विचार करणारे विरळा. समोरच्याच्या धंद्याची अशी बूज राखणे हा सभ्यपणाचा मोठा भाग आहे असे मला वाटते, आणि त्यासाठी भाषा एक असावी लागत नाही, हे तुमच्याकडे पाहून पटले.

बाबांचा एक निरोप आहे. पाचरींबद्दल तुम्ही सांगितलेत ते त्यांना मान्य आहे; पण पाचर बसवण्याआधी बुडाशी चहूबाजूंनी खाच घेतलेली असणारच, नाहीतर दगड वेडावाकडा तुटेल. एखाद्या अर्धवट दगडाच्या बुडाशी तशी खाच दिसते का, तेवढे पाहून कळवावे.

आपला कृतज्ञ,
एका पाथरवटाचा मुलगा