फोटोवाल्या दादांना, माझ्याकडून आणि आईकडून

दादा, धाकट्या बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे झाले, परवा तुमचा पेनड्राइव्ह आला आणि काल रात्री आम्ही सगळे टीव्हीला लावून बसलो होतो. व्हॉट्सअॅपवर नुसतं थँक्यू टाकून मनाचं समाधान होईना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी माझ्या लग्नाचं सांगते. डिसेंबर 2019, हॉल ठाण्यातलाच, फोटोग्राफरचं नाव घेत नाही, पॅकेज भलंमोठं. बांगड्या, मेंदी, चपला, उपवनला तळ्याकाठी प्री-वेडिंग, ड्रोन, सगळं झालं. पण बाबांचा माझ्यासोबत एक धड फोटो नाही. कन्यादानाच्या वेळी मध्ये व्हिडिओवाल्याची पाठ, झाल धरली त्याचा नाही. विचारलं तर म्हणाले तुम्ही लिस्ट दिली नव्हती. 2021 मध्ये बाबा गेले. त्यानंतर तो अल्बम मी कितीदा चाळला असेल, कुठेतरी मागे दिसतील म्हणून. एका फोटोत आहेत, पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स उचलून नेताना, अर्धे फ्रेमच्या बाहेर.

म्हणून धाकटीच्या वेळी मीच लिस्ट केली, चार पानं. मुहूर्तमेढ, हळद, गौरीहार, अंतरपाट, लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख, काही म्हणून सोडलं नव्हतं. तुम्ही नौपाड्यात घरी आलात, चारही पानं नीट वाचलीत आणि म्हणालात, ताई, विधी तर गुरुजी सांगतील तसे घेईनच, मला माणसं सांगा. कोण कोणाचं कोण, गुडघ्यामुळे स्टेजवर कोणाला चढता येणार नाही, फोटो म्हटलं की कोण पळतं. ग्रुप फोटोला माणसं गोळा करायला दोन्हीकडचा एकेक भाचा मागून घेतलात, तेवढ्यानेच त्या दिवशी अर्धी धावपळ वाचली. आणि मग विचारलंत, "अंतरपाट धरतील तेव्हा आई कुठे उभ्या असतील?"

हे आमच्या घरात कोणी विचारलंच नव्हतं हो. कन्यादान काका-काकू करणार हे ठरलेलं, आई म्हणाली होती मी आपली मागे बरी, आम्ही दोघी बहिणी भांडलो पण ती ऐकेना, मग तो विषयच कोणी काढेना. ती तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती, म्हणाली, मी काय, असेन कुठेतरी खांबाशी. तुम्ही तिला समजवायला गेला नाहीत, आग्रह केला नाहीत. वहीत लिहिलंत, "आई – खांब". मी बाजूला बसले होते, मी ते वाचलं.

लग्नात "तदेव लग्नं" सुरू झालं तेव्हा सगळे मोबाइल स्टेजकडे, आणि तुमच्यासोबतचा तो दुसरा फोटोवाला मुलगा खांबापासून दहा फुटांवर, फ्लॅश न मारता. काल तो फोटो आला आणि कोणी पुढचं बटण दाबेना. वर अक्षता उडतायत आणि आईची मूठ अजून मिटलेलीच आहे, बोटांच्या फटीतून कुंकवाचे लाल तांदूळ दिसतायत. आणि मनगटावर बाबांचं घड्याळ. तिने ते घातलं होतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं दादा, धाकटीलासुद्धा नाही. साडीच्या पदराखाली झाकलेलं, हात वर केला म्हणून दिसलं. आई म्हणाली, त्यांनाही बघायचं होतं ना.

बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा वॉर्डातल्या एका मावशींनी आईला कुठून तरी खुर्ची आणून दिली होती, काही न बोलता. इतक्या गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहिलं आणि ते अजून मनात सलतं. अशी माणसं असतात, दुसऱ्याचे पाय दुखतायत हे त्यांना न सांगता कळतं, आणि आपण मात्र कामं उरकण्याच्या नादात त्यांना साधं बोलतही नाही. तुमच्या बाबतीत तसं व्हायला नको होतं.

तो फोटो राम मारुती रोडला फ्रेमला टाकलाय, बाबांच्या फोटोशेजारी लागेल. आणि एक, आई तीन आठवडे झाले विचारतेय की फोटोवाली मुलं त्या दिवशी जेवली होती का, पंगत उठली तरी ती मुलं उभीच होती म्हणे. आम्हाला कोणालाच नक्की सांगता येईना. तेव्हा एका रविवारी दोघंही घरी जेवायला या, कॅमेरा न घेता. पुरणपोळी चालते ना, एवढं कळवा.